मंगळवारचा वर्ग आणि तुम्ही दिलेला सी

शैलाताई,

तुम्हाला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि कॉलेजने तुमचा मंगळवार संध्याकाळचा वर्ग रद्द करायला काढला. बिझनेस लॉ, भाग पहिला. दिवसभर कामं करून येणाऱ्या लोकांसाठी तुम्ही भांडून सुरू केलेला. मला हे कळलं माझ्याच दुकानात. तिथे शिकणारी एक मुलगी पापड घ्यायला आली होती. ती सहज म्हणाली, "अंकल, तो सेक्शन कॅन्सल होतोय. शिकवणार कोण आता?" मी गल्ला मंगलच्या हवाली केला, ॲप्रन काढला आणि गाडीत बसलो. तुम्ही असतात तर विचारलं असतं, "अपॉइंटमेंट घेतली काय?" नाही घेतली.

खरं सांगू का, रूट फॉर्टीसिक्सवरून कॉलेजकडे जाताना मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. कुणाशी तरी भांडायला मिळणार होतं. तुमची शोकसभा मंडळाने केली तेव्हा सगळे इतक्या हळू आवाजात बोलत होते की तुम्ही असतात तर मागच्या रांगेतून "आवाज" म्हणून ओरडला असतात. मला बोलायला सांगितलं. मी नको म्हणालो. कारण माझी तुमच्यावर तक्रार आहे, आणि फोटोला हार घातलेल्या माणसावर माइकवरून तक्रार करता येत नाही. कागदावर येते. म्हणून हे लिहितोय.

तक्रार आपल्या या पार्सिपनी गावातल्या निम्म्या मराठी लोकांना पाठ आहे, कारण दुकानात येईल त्याला मी ती ऐकवली आहे. तुम्ही मला सी दिलात. वर्गात सगळ्यात जास्त बोलणाऱ्या, सगळ्यात आधी येणाऱ्या, आयुष्यभर व्यवहार करून पोट भरलेल्या माणसाला व्यवहाराच्या कायद्यात सी.

आपली ओळख कोथिंबिरीवरून झाली. तुम्ही काउंटरशी आलात आणि म्हणालात, "सांभार कसा दिला?" मी सांगलीकडचा. दोन मिनिटं गेली तुम्ही कशाचा भाव विचारताय ते समजायला. मग तुम्ही तीन जुड्या घेतल्या तर किती, असं विचारलंत. मी म्हणालो, बाई, इथं लेबल लावलेलं असतं. तुम्ही म्हणालात, "लेबल तुम्हीच लावलं ना? मग तुम्हीच काढू शकता." तेवढ्यात माझ्या जागेच्या मालकाचा फोन आला आणि मी त्याच्यावर ओरडायला लागलो. कोपऱ्यावरची मोठी जागा मला द्यायचं त्याने कबूल केलं होतं आणि आता तो फिरत होता. तुम्ही जुड्या हातात धरून शांतपणे सगळं ऐकलंत.

"ओरडता चांगले," तुम्ही म्हणालात. "पण तो कबूल झाला ते लिहिलंय कुठं?"

"शब्द दिलाय त्याने मला."

"अरे बाप्पा. जागेचा भाडेपट्टा, तोही पाच वर्षांचा, आणि शब्दावर? इथे असा शब्द कोर्टात उभा राहत नाही, भाऊ. मंगळवारी सहाला कॉलेजात या. फुकट सल्ला देणार नाही मी, शिकवीन."

मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. या देशात आधी पेट्रोल पंपावर, मग दुसऱ्याच्या गोदामात आणि मग स्वतःच्या दुकानात उभा राहिलो, पण बाकावर काही बसलो नव्हतो. पहिल्या मंगळवारी मी गेलो तेव्हा अंगाला हिंगाचा वास येत होता आणि सगळा वर्ग माझ्या मुलीच्या वयाचा होता. तुम्ही हजेरी घेताना माझं नाव आल्यावर जराही हसला नाहीत. दुकानातली ओळखसुद्धा दाखवली नाहीत. वर्गात तुम्ही प्रोफेसर होतात, पार्किंगमध्ये ताई. ती रेघ तुम्ही कधी पुसू दिली नाहीत आणि मला ती रेघ फार आवडायची, हे आता लिहितोय.

त्या वर्गात मला काय मजा आली म्हणून सांगू. आपण रोज जे करतो त्याला नाव असतं, हे मला माहीतच नव्हतं. प्रस्ताव, स्वीकार, मोबदला. मी घरी येऊन मंगलला शिकवायचो. ती भाकरी थापत ऐकायची आणि म्हणायची, "म्हणजे तुम्ही मला बघायला आलात आणि माझ्या वडिलांनी हो म्हटलं, तेव्हा मोबदला काय होता?" दुसऱ्या सत्रात तुमच्याचकडे मॅनेजमेंट घेतलं. त्यात कामं वाटून देण्याचा धडा आला. तुम्ही सगळ्यांदेखत मला विचारलंत, दुकान उघडतं कोण, मी. बंद करतं कोण, मी. माल कोण मागवतं, मी. "आणि तुमच्या मिसेस काय फक्त हिशेब चुकला की बोलणी खायला आहेत?" अख्खा वर्ग हसला. मी आठवडाभर तुमच्यावर चिडलो होतो. मग मालाची ऑर्डर मंगलकडे दिली. ती माझ्यापेक्षा बरी मागवते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तिने सांगितलं असेल.

आणि रुमालाचा दिवस. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल होते, आमच्याकडे हेडी म्हणतात. त्यांचा सगळा सौदा रुमालाखाली चालायचा. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा, वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा. हे मी एकदा बोलता बोलता सांगितलं, तर पुढच्या मंगळवारी तुम्ही चक्क चौकड्यांचा मोठा रुमाल घेऊन आलात आणि मला पुढे बोलावलंत. त्या गोऱ्या पोरांसमोर आपण दोघांनी एका कल्पनेतल्या म्हशीचा सौदा केला. तुमचं तोंड नागपूरच्या उन्हाबद्दल इंग्रजीत बोलत होतं आणि रुमालाखाली तुमची बोटं माझा भाव पाडत होती. रुमाल काढल्यावर तुम्ही वर्गाला विचारलंत, "करार झाला का? कधी झाला? कुठल्या क्षणी?" पोरं खुर्च्यांच्या टोकाला आली होती. मी सुद्धा. वडिलांनी जन्मभर जे केलं, त्यावर एवढी हुशार माणसं वाद घालतायत, हे बघून माझ्या छातीत काय होत होतं ते मला मराठीतही नीट सांगता येणार नाही.

तो रुमाल पुढे दर सत्रात चालला, मला बोलावून. पण पहिल्याच वेळेनंतर तीन आठवड्यांनी तुम्ही माझा घात केलात. घातच म्हणतो मी अजून.

शेवटची परीक्षा म्हणजे प्रत्यक्ष वाटाघाट. दोघादोघांच्या जोड्या. माझ्यासमोर केविन नावाचा पोरगा, डोक्यावर उलटी टोपी. त्याने मला एक जुना डिलिव्हरी ट्रक विकायचा होता. त्याला ट्रक कुणालाही विकायची मोकळीक, मला मात्र तो घ्यायचाच. मी त्याला पहिल्या दहा मिनिटांत घामाघूम केलं. टायर, इंजिन, गंज, काही सोडलं नाही. शेवटी तो असा भाव बोलला की माझ्या मनात उकळ्या फुटल्या. आणि मी जे वडिलांकडून शिकलो तेच केलं. त्याहून कमी भाव सांगितला, मान हलवली, "जमणार नाही" म्हणून उठलो आणि दाराबाहेर पडलो.

आमच्या बाजारात माणूस असा उठला की फाटकापर्यंत पोचत नाही. समोरचा हाक मारतोच. "अहो पाहुणे, या इकडे." मग मघाशी बोललेल्या भावात सौदा होतो, चहा होतो. बाजार उठेपर्यंत भाव जिवंत असतो. मी कॉरिडॉरमध्ये सोड्याच्या मशिनपाशी उभा राहिलो. हाक येईना. मशिनवरची सगळी नावं वाचून झाली. हाक येईना. शेवटी मीच दार उघडून आत गेलो, तर केविनने ट्रक शेजारच्या जोडीला विकून टाकलेला.

"मी तुझा भाव मान्य करतो," मी म्हणालो.

तो बिचारा गोंधळला. "सर, तुम्ही नाही म्हणून गेलात. मला वाटलं बाथरूमला गेलात."

तुम्ही तोंडावर वही धरली होतीत. हसत होतात, मला दिसलं. आणि मग सी.

ताई, मी तेव्हा तुमच्या ऑफिसात येऊन जे बोललो ते बोललो. तुम्ही पुस्तक उघडून दाखवलंत: उलट भाव सांगितला की आधीचा प्रस्ताव मेला. मी म्हणालो, मेला कसा, मी कॉरिडॉरमध्ये जिवंत होतो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही जिवंत होते, प्रस्ताव मेला. आणि केविनला काय स्वप्न पडणार, की हा माणूस तिथं हाकेची वाट पाहून राहिला?" मी म्हणालो, मग निदान बी द्या. तुम्ही म्हणालात, "काहून? हा सांभार आहे?" मी म्हणालो, बी मायनस. तुम्ही पुस्तक मिटलंत. "रिपीट करा. परत कोर्स घ्या, परत परीक्षा द्या, ग्रेड बदलेल." मी म्हणालो, माझ्याच पैशाने घेतलेला बैल परत विकत घेऊ? रिपीट करणं म्हणजे तुमचा सी बरोबर होता असं कबूल करणं. ते मी करणार नव्हतो.

तिथून आपली खरी मैत्री सुरू झाली असं मला वाटतं. कोपऱ्यावरची जागा मी त्याच वर्षी घेतली, सगळं लिहून, प्रत्येक कलम वाचून, मालक बोलला त्या भावाला एकदाच मान डोलावून. तुम्ही उद्घाटनाला आलात, नारळ फोडलात आणि म्हणालात, "छान सौदा. यावेळी कॉरिडॉरमध्ये नाही गेले वाटते." दर शनिवारी तुम्ही भाजीला यायचात आणि पिशवी भरता भरता आपला खटला पुन्हा उभा राहायचा. मी नवे मुद्दे काढून ठेवायचो. लोक रांगेत थांबायचे, कुणी तुमच्या बाजूने, कुणी माझ्या. एकदा एका आयटीवाल्या पोराने कंटाळून म्हटलं, "काका, यार, मेथीचं बिल करा ना," तर तुम्ही त्यालाच विचारलंत, "तू सांग, प्रस्ताव जिवंत की मेला?"

शेवटी हॉस्पिटलात भेटलो तेव्हाही. तुमचा चेहरा उतरला होता. मी डबा घेऊन आलो होतो आणि सवयीने विचारलं, "आज तरी सी काढणार का?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "रिपीट करा."

तेच आपलं शेवटचं बोलणं. त्यावर मला म्हणायचं होतं की ताई, तुमच्यामुळे मी उभा राहिलो. नाही म्हणालो. वडिलांची शिकवण, सौदा आपल्या फायद्याचा झाला तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही, समोरच्याला वाटतं आपण स्वस्तात दिलं. तुमच्याकडून मी इतकं स्वस्तात घेतलं होतं की मी चार वर्षं तोंड वाकडं करूनच तुमच्यासमोर उभा राहिलो. तुम्ही हेड्याची चाल ओळखली असेल अशी मी आशा धरून आहे. खात्री नाही, आणि आता विचारता येत नाही.

तर त्या दिवशी गाडी काढून मी थेट कॉलेजच्या डीनबाईंकडे गेलो. त्या सभ्यपणे म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय. मी म्हणालो, वाईट वाटू द्या, वर्ग चालू ठेवा. त्यांनी यादी दाखवली. नाव नोंदवलेले चारच. पंधरा नसतील तर वर्ग उघडत नाहीत. मी म्हणालो, दहा.

"सर, हा भाव नाही. हे धोरण आहे."

"धोरण कुणी ठरवलं?"

"कमिटीने."

"कमिटी कुठे बसते?"

त्या हसल्या. माणूस हसला की अर्धं काम झालं. मी त्यांना सांगितलं की या वर्गातून शिकून गेलेले किती जण आज या गावात स्वतःच्या नावाने भाडेपट्टे करतायत. नावं सांगितली. त्यांनी तुमच्या रिकाम्या ऑफिसच्या दिशेने एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बारा. शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत. एक तरुण वकील आहे, तो शिकवेल." माझ्या तोंडात "अकरा" आला होता, ताई. अगदी दातांपर्यंत. मी जीभ चावली आणि म्हणालो, "मान्य." आणि लगेच म्हणालो, हे लिहून द्या. त्यांनी दिलं.

मग तीन दिवस मी काय केलं ते तुम्ही बघायला हवं होतं. मी कोर्स विकला. गल्ल्यावर उभा राहून, आंब्याच्या पेटीसारखा. भुवया कोरणाऱ्या पार्लरवाल्या बाईंना, कारण त्यांचा भागीदार त्यांना फसवत होता. केटरिंगवाल्या दोघा भावांना, ऑर्डर कॅन्सल झाली की रडत येतात म्हणून. मोटेल चालवणाऱ्या गुजराती गृहस्थांना सांगितलं, तुमच्या वकिलाला तुम्ही दर महिन्याला जे विचारता ते तुम्हालाच कळायला लागेल. त्यांनी पत्नीचंही नाव दिलं. आणि अपर्णाला. पुण्याची, नवरा आयटीत, डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करता येत नाही, शिकता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"काका, मला खूप करायचंय, पण संध्याकाळी फ्रीवेवर ड्राइव्ह करायला भीती वाटते."

"मंगळवारी माझी गाडी तिकडे जाते. चल."

"तुमची कशी काय जाते?"

"जाईल," मी म्हणालो. "आणि परत यायलाही मीच येईन. अजून काय अडचण?"

"मुलाला कोण सांभाळणार?"

"नवरा. त्याला म्हणावं, मॅनेजमेंटचा धडा आहे, कामं वाटून द्यायचा."

ती हसत गेली आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली.

शुक्रवारी सकाळी यादी मोजली. एक नाव कमी. पार्लरवाल्या बाईंची बहीण येणार होती, ती फिरली. मी फोन लावत सुटलो. कुणी उचलेना, उचलला तर कुणाला जमेना. मंगल मुळ्याच्या जुड्या बांधत होती. ती वर न बघता म्हणाली, "अहो, साऱ्या गावाला कोर्स विकलात. स्वतः का नाही घेत?"

"मी पास आहे त्यात."

"पास आहात तर इतकी वर्षं रडताय कशाला?"

तिने जुडीला रबर लावलं आणि माझी गाडीची किल्ली काउंटरवर सरकवली.

नोंदणीच्या खिडकीशी एक पोक्त बाई होत्या, चष्मा साखळीला लावलेला. मी यादी दिली आणि खाली माझं नाव सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं. "तुम्ही हा कोर्स आधी केलाय. सी आहे. रिपीट करताय?"

तो शब्द माझ्या तोंडून निघायला वेळ लागला, पण निघाला. "हो."

"छान. मग नवीन ग्रेड आली की जुनी सरासरीतून जाईल."

"जाईल म्हणजे?"

"ट्रान्सक्रिप्टवर दिसेल, पण बाजूला खूण असेल. मोजली जाणार नाही. काळजी करू नका."

शैलाताई, चार वर्षं मी त्या एका अक्षराला घालवण्यासाठी भांडलो. तुमच्या ऑफिसात, दुकानात, तुमच्या खाटेशी. आणि त्या बाई ते फुकट, एका बटणावर घालवायला निघाल्या, तर मलाच ते नको झालं. तुमच्या हाताने मला मिळालेलं कागदावरचं तेवढंच आहे. बाकी सगळं बोलणं होतं. ते चुकीचं आहे, अन्यायाचं आहे, हे मी आजही म्हणतो, वर आलो की तिथेही म्हणेन. पण ते तुमचं मत होतं माझ्याबद्दल, विचार करून दिलेलं, आणि मी त्याच्याशी भांडत मोठा झालो.

"तो सी राहू द्या," मी म्हणालो.

"राहील की. दिसेल."

"दिसून काय करायचंय? मोजा."

त्यांनी चष्मा काढला. "सर, तुमची सरासरी कमी होईल."

"होऊ द्या."

"असं कुणी मागत नाही. लोक काढा म्हणतात."

"मी पण म्हणायचो. आता मोजा म्हणतोय. नवीन येईल ती पण मोजा, जुनी पण मोजा."

"मला तसा अधिकार नाही."

"कुणाला आहे?"

माझी नोंदणी त्यांनी आधी करून घेतली. बारावं नाव लागलं, वर्ग वाचला, पावती माझ्या हातात दिली. मग सुस्कारा सोडून वरच्या साहेबांना फोन लावला आणि मला म्हणाल्या, ते मीटिंगमध्ये आहेत, वेळ लागेल.

मी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि त्यांच्या खिडकीसमोर बसलो. दुकानात मंगल होती. मला काही घाई नव्हती.